वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीच्या वायपरचा दांडा

मृग नक्षत्र जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वायपरची तक्रार असतेच. या वेळच्या पत्रांपैकी पाच पत्रे मात्र ब्लेडच्या रबराविषयी नसून ते ब्लेड धरून ठेवणाऱ्या दांड्याविषयी, म्हणजे सुट्या भागांच्या दुकानात ज्याला वायपर आर्म म्हणतात त्याविषयी आहेत, आणि पाचही पत्रे किनाऱ्यालगतच्या किंवा घाटाखालच्या गावांतून आली आहेत. काच नीट पुसली जाते की नाही हे रबरापेक्षा दांडाच अधिक ठरवतो, असे माझे ठाम मत आहे. तरीही दर पावसाळ्यात रबर बदलले जाते आणि दांडा गाडी घेतली तेव्हाचाच राहतो. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. दर वर्षी नवी ब्लेड घालूनही चालकासमोरच्या काचेवर मधोमध पाण्याचा पट्टा राहतो. आमच्या मेकॅनिकच्या मते दांडे बदलायला हवेत. पण नट सोडवल्यानंतरही दांडे स्पिंडलवरून हलत नाहीत. काच फुटेल या भीतीने काम थांबवले आहे. दांडे काढावेत कसे आणि नवे बसवावेत कसे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : काम थांबवलेत हे उत्तम केलेत, कारण या कामात जे नुकसान होते ते बहुतेक वेळा घाईने लावलेल्या जोरामुळे होते.

दांडा काढण्याआधी तो खरोखर बदलण्याजोगा झाला आहे का, हे पाहावे. दांड्याचे दोन भाग असतात. एक, स्पिंडलवर, म्हणजे काचेखालून बाहेर आलेल्या फिरत्या आसावर, बसणारे डोके. आणि दुसरा, त्या डोक्याला पिनेने जोडलेला, ब्लेडपर्यंत जाणारा लांब भाग. या दोहोंमध्ये खालच्या बाजूस ताणाची स्प्रिंग असते व तीच ब्लेडला काचेवर दाबून धरते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत स्प्रिंग अशक्त होण्याआधी ही पिनच गंजून जाम होते, त्यामुळे स्प्रिंग धडधाकट असूनही तिचा जोर ब्लेडपर्यंत पोहोचत नाही, आणि आपण वर्णन केलेला मधला पट्टा तिथूनच उद्भवू शकतो. दांडा काचेवरून उचलून हळूहळू खाली आणून पाहा. तो वाटेत कुठेही अडखळत असेल किंवा आपोआप काचेकडे ओढला जात नसेल, तर पिनेवर पातळ तेलाचे थेंब सोडून एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी दांडा बऱ्याच वेळा वरखाली करा. अनेक दांडे एवढ्याने पुन्हा कामाला लागतात.

त्यानंतर दाब मोजावा. मासळी किंवा सामान तोलण्याचा लहान स्प्रिंग काटा यासाठी पुरतो. ब्लेड जिथे दांड्याला अडकते तिथे काट्याचा आकडा घालून काचेशी काटकोनात ओढावे, आणि ब्लेड काचेवरून जेमतेम सुटताना काट्यावर किती ग्रॅम दिसतात ते पाहावे. जुन्या, लहान ब्लेडांच्या गाड्यांना ब्लेडच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे १० ते १५ ग्रॅम दाब पुरेसा असतो. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या ब्लेडसाठी साधारण ३०० ते ४५० ग्रॅम. पिन मोकळी असूनही आकडा याच्या बराच खाली येत असेल, तर स्प्रिंग थकली आहे आणि दांडा बदलण्याचा मेकॅनिकचा सल्ला योग्य आहे.

आता दांडा निघत का नाही, ते पाहू. समुद्राकाठच्या हवेतून येणाऱ्या खारात नेहमीच्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळते. मॅग्नेशियम क्लोराइडला सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. म्हणजे मालवणसारख्या ठिकाणी दांड्याच्या डोक्याखाली साठलेला खार पावसाळ्यात तर नाहीच, पण एरवीही पूर्ण कोरडा होत नाही. त्यातच अनेक जुन्या दांड्यांचे डोके जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि स्पिंडल पोलादी असतो. हे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकलेले राहिले की जस्त झिजू लागते, आणि त्यातून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे ती स्पिंडलच्या दात्यांमध्ये पाचरीसारखी ठोकून बसते. नट सोडवल्यावरही दांडा का हलत नाही, याचे उत्तर या भुकटीत आहे.

स्पिंडल आतून वायपरच्या यंत्रणेला जोडलेला असतो. काही गाड्यांत मोटरपासून स्पिंडलपर्यंत पट्ट्यांची जोडणी असते, तर ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच गाड्यांत नळीतून सरकणारी दातेरी केबल दोन्ही स्पिंडलांची चाके फिरवते. दांडा बाजूला वाकवून किंवा खालून हातोडीने ठोकून काढण्याचा प्रयत्न केला, तर त्या पट्ट्या वाकतात किंवा चाकाचे दाते उडतात, आणि दांड्याचे लहानसे काम डॅशबोर्डाखालच्या मोठ्या कामात बदलते. त्याचप्रमाणे काचेच्या कडेला टेकवून स्क्रू ड्रायव्हरने उचकटणे हा तर काच गमावण्याचा सरळ मार्ग आहे.

कामाला सुरुवात करताना काच ओली करून वायपर एकदा चालवावा आणि बटण बंद करून तो आपल्या नेहमीच्या जागी थांबू द्यावा. मग ब्लेड जिथे टेकले आहे तिथे काचेवर कागदी चिकटपट्टी लावून खूण करावी. नवा दांडा बसवताना ही खूण नसेल तर अंदाजाने बसवलेला दांडा एका टोकाला बीडिंगवर, म्हणजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीवर, आपटतो. यानंतर बॅटरीची एक तार सोडावी. बोनेटवर आणि काचेच्या खालच्या भागावर जाड चादर दुमडून पसरावी. ब्लेड काढलेला दांडा हातातून सुटला तर स्प्रिंगच्या जोराने त्याचे उघडे टोक थेट काचेवर आदळते, आणि जुन्या गाडीची पुढची काच पुन्हा मिळवणे किती कठीण आहे हे आपल्याला सांगायला नको.

नट पूर्ण न काढता तीन-चार आटे सैल करून स्पिंडलवरच राहू द्यावा, म्हणजे दांडा अचानक सुटला तरी उडणार नाही आणि पुलरचा, म्हणजे डोके वर ओढून काढणाऱ्या अवजाराचा, जोर स्पिंडलच्या आट्यांवर येणार नाही. डोक्याच्या खालच्या सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडून किमान एक रात्र थांबावे. पांढरी भुकटी दिसत असेल तर आधी कोमट पाणी आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने ती धुऊन काढावी, मग वाळवून तेल सोडावे. त्यानंतर दोन पायांचा लहान पुलर डोक्याखाली अडकवून मधला स्क्रू हळूहळू आवळावा, थोडा ताण आला की थांबावे, डोक्याच्या बाजूंवर लाकडी दांडक्याने हलके टिचकवावे आणि पुन्हा पाव फेरा आवळावे. गॅसची शेगडी किंवा ज्योत लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. जस्ताचे हे मिश्रधातू सुमारे ३८० अंश सेल्सिअसला वितळू लागतात, आणि त्याच्या बऱ्याच आधी आसपासचा रंग, रबर आणि काच यांचे नुकसान झालेले असते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले फडके डोक्याभोवती काही मिनिटे गुंडाळून ठेवणे एवढी ऊब पुरेशी असते.

एवढे करूनही दांडा निघाला नाही आणि तो टाकूनच द्यायचा असेल, तर त्याच्या डोक्याला लहान करवतीने उभा काप द्यावा. काप स्पिंडलच्या दात्यांपर्यंत पोहोचण्याआधी थांबावे आणि त्या कापात स्क्रू ड्रायव्हरचे पाते फिरवून डोके उकलावे. दांडा वाया जातो, पण स्पिंडल वाचतो, आणि या दोघांत मौल्यवान आहे तो स्पिंडल.

दांडा निघाल्यावर लगेच नवा बसवू नये. स्पिंडल हाताने धरून आडवा हलवून पाहा; जास्त डुगडुगत असेल तर आतली बुश, म्हणजे स्पिंडलला आधार देणारी नळी, झिजली आहे, आणि नव्या दांड्याचे ब्लेड त्या डुगडुगीमुळे कधीच सरळ फिरणार नाही. स्पिंडल ज्या छिद्रातून बाहेर येतो तिथली रबरी चकती याच वेळी बदलावी. ती कडक झाली असेल तर पावसाचे पाणी तिथून आत उतरते, डॅशबोर्डाखालच्या तारांवर ठिबकते, आणि गळती काचेच्या बीडिंगमधून होत आहे असे समजून लोक वर्षानुवर्षे बीडिंगला लांबी (पुटी) लावत बसतात. दाते पितळी तारेच्या ब्रशने घासावेत. पोलादी ब्रश त्यांच्यावरचा संरक्षक मुलामा ओरबाडून काढतो. स्वच्छ दात्यांवर तांबेमिश्रित किंवा सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. पुढच्या वेळी दांडा हाताने निघेल तो या थरामुळे.

बॅटरी जोडून, दांड्याशिवायच मोटर एकदा चालवून बंद करावी, म्हणजे स्पिंडल निश्चित थांब्याच्या जागी येतील. मग काचेवरच्या खुणेनुसार दांडा बसवून नट आवळावा. डोके मऊ धातूचे असल्यामुळे येथे ताकद दाखवू नये. पाना आखूड धरून मनगटाने आवळता येईल तेवढे पुरे. काच भरपूर ओली करून वायपर आधी सावकाश गतीवर चालवून पाहा, दोन्ही टोकांना ब्लेड बीडिंगपासून किमान बोटभर दूर थांबते का आणि दोन्ही ब्लेड एकमेकांना शिवत नाहीत ना, ते बघा. पहिल्या दोन-चार पावसांनंतर नट पुन्हा एकदा तपासावा, कारण दाते एकमेकांत बसताना तो थोडा सैल होतो.

प्रश्न : १९८४ सालच्या अॅम्बेसेडरसाठी मुंबईहून दांड्यांची नवी जोडी मागवली. दुकानदाराने हीच जोडी लागते असे सांगितले होते. बसवल्यावर एक दांडा चालता चालता घसरतो आणि दुसरा काचेचा वरचा कोपरा पुसतच नाही. दोष दांड्यांचा की बसवणाऱ्याचा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या वर्णनावरून बसवणाऱ्याचा दोष वाटत नाही, दांडे आपल्या गाडीच्या मापाचे नसावेत. अॅम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली गाडी, आणि कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत बनत राहिली. इतक्या दीर्घ काळात बाहेरचा आकार बराचसा तोच राहिला तरी आतले भाग बदलत गेले, म्हणून ‘अॅम्बेसेडरचा दांडा’ एवढ्या वर्णनावर खरेदी करणे धोक्याचे असते. गाडीचे नाव सांगण्याऐवजी जुना दांडाच हातात घेऊन दुकानात जावे.

घसरणाऱ्या दांड्याविषयी आधी. स्पिंडलवर बारीक उभे दाते असतात आणि दांड्याच्या डोक्यात त्यांना जुळणारे दाते असतात. स्पिंडलचा व्यास आणि दात्यांची संख्या यांपैकी एक जरी जुळत नसेल, तर दांडा वरवर घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि ओल्या काचेवर चालतोही. पण काच अर्धवट वाळली आणि घर्षण वाढले की तो घसरतो व प्रत्येक घसरणीत डोक्यातले दाते घासून जातात. अशा वेळी नट आणखी आवळून चालत नाही, त्याने उरलेले दातेही जातात. दात्यांमध्ये पितळी पत्र्याची चकती घालून काम भागवण्याची पद्धत गॅरेजमध्ये आहे. रस्त्यात अडकलो असता घरी पोहोचण्यापुरती ती ठीक, पण परशुराम घाटात मुसळधार पावसात तिच्या भरवशावर गाडी चालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. व्हर्नियर कॅलिपरने स्पिंडलचा व्यास मोजावा, दाते भिंगातून मोजावेत, आणि डोके नटाने आवळले जाते, आतल्या क्लिपने अडकते की बाजूच्या स्क्रूने चिमटले जाते हेही लिहून घ्यावे. क्लिपवाला दांडा काढताना क्लिप उचलून सरळ वर ओढायचा असतो, हे माहीत नसल्यामुळे अनेक चांगले दांडे मोडले गेले आहेत.

वरचा कोपरा न पुसला जाणे हा लांबीचा प्रश्न आहे. स्पिंडलच्या मध्यापासून ब्लेड अडकते त्या बिंदूपर्यंतचे अंतर हीच दांड्याची खरी लांबी. टोकापासून टोकापर्यंत मोजलेली लांबी फसवते. हे अंतर दोन सेंटिमीटरने कमी असेल तर पुसलेला सगळा पट्टाच खाली सरकतो. मोठे ब्लेड घालून ही उणीव भरून काढता येते असे वाटते खरे, पण मोठ्या ब्लेडवर तोच दाब विभागला जातो, मोटरवरचा भार वाढतो आणि पुसण्याचा दर्जा घसरतो.

टोकाचा प्रकारही पाहावा. जुन्या गाड्यांच्या दांड्यांची टोके कधी सरळ पट्टीची असतात, आणि त्यांत सुमारे ५.२ मिलिमीटर व ७.२ मिलिमीटर रुंदी अशी दोन मापे प्रचलित आहेत. कधी बाजूला पिन असते, तर कधी आजच्या गाड्यांप्रमाणे आकडा असतो. रुंदीतला दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला जाणवत नाही, परंतु रुंद खोबणीत अरुंद पट्टी बसवली की ब्लेड जोराच्या वाऱ्यात उडून जाऊ शकते.

परदेशातून सुटे भाग मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अॅम्बेसेडरची मूळ गाडी ब्रिटिश, म्हणजे आपल्याप्रमाणेच उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची. पद्मिनीचे मूळ असलेली फियाट ११०० मात्र इटलीत डाव्या स्टिअरिंगने धावत असे. वायपरचे दांडे अनेकदा थोडे बाक दिलेले आणि डावे-उजवे वेगळे असतात, त्यामुळे इटलीहून आलेली जोडी आपल्या गाडीवर चढली तरी चालकासमोरचा भाग कमी आणि शेजारच्या आसनासमोरचा भाग जास्त पुसू शकते. मुंबईच्या चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात जुने देशी दांडे अजून मिळतात, आणि माझी पसंती अशा जुन्या पण मूळ दांड्यांना आहे; फक्त स्प्रिंग आणि पिन तपासून घ्यावी. घाटावर जाणे शक्य असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर नवे डोके कातून, जुन्या दांड्यावर बसवून घेता येईल. चांगल्या स्थितीतला जुना दांडा आणि मापाने कातलेले डोके यांची जोडी बाजारातल्या ‘सगळ्या गाड्यांना चालणाऱ्या’ दांड्यापेक्षा अधिक काळ टिकते.

प्रश्न : माझ्या १९६६ सालच्या मोटारीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. क्रोमचे दांडे सोलले गेले आहेत. खाऱ्या हवेत टिकावेत म्हणून स्टेनलेस स्टीलचे बसवले तर नोंदणीला अडचण येईल का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : येणार नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यातली अट आहे. वायपरचे दांडे या अटीत येत नाहीत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि त्यानंतरच्या नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

परंतु अर्ज करण्याआधी आपण दुसऱ्या एका गोष्टीचा विचार करावा. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. गणपतीत याच गाडीने गावी जाण्याची आपली प्रथा असेल, तर ती या नोंदणीत बसत नाही. नेहमीच्या वापराची गाडी असो वा नसो, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०१ प्रमाणे पुढची काच असलेल्या मोटारीला यांत्रिक शक्तीने चालणारा, कार्यक्षम वायपर असलाच पाहिजे. तेव्हा सोललेला दांडा चालेल, पण थकलेला चालणार नाही.

स्टेनलेस घ्यायचेच असेल तर कोणत्या प्रतीचे आहे हे विचारा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टीलवर समुद्राच्या खारामुळे चहासारखे तपकिरी डाग पडतात. मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही प्रत किनाऱ्यावर बरीच अधिक टिकते. खूप चकचकीत पॉलिश करून घेऊ नका. सायंकाळी पश्चिमेकडे गाडी हाकताना त्या दांड्यांवरून परतणारा उजेड थेट चालकाच्या डोळ्यांत येतो. तरीही मूळ दांडे फेकू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. क्रोमचा मुलामा पुन्हा देता येतो, मात्र त्याआधी स्प्रिंग काढून ठेवावी लागते, कारण मुलामा देण्याच्या प्रक्रियेत कडक पोलादाची स्प्रिंग ठिसूळ होऊन नंतर मोडू शकते.

प्रश्न : दांडे आणि ब्लेड दोन्ही नवे असूनही वायपर एका दिशेने जाताना टकटक उड्या मारतो. परत येताना मात्र गुळगुळीत चालतो.
— एक वाचक, देवगड

उत्तर : एकाच दिशेने उड्या मारणे ही दांडा पिळलेला असल्याची खूण आहे. ब्लेडचे रबर दोन्ही दिशांना सारखे मागे लवंडले पाहिजे, आणि त्यासाठी दांड्याचे टोक काचेशी समांतर असावे लागते. वायपर अर्ध्या वाटेत थांबवून टोकाकडे बाजूने पाहा. ते एका अंगाला झुकलेले दिसले तर फडके गुंडाळलेल्या दोन पकडींनी दांडा धरून, काचेपासून दूर उचललेल्या स्थितीत, अगदी थोडा उलटा पीळ द्यावा, आणि पुन्हा चालवून बघावे.

त्याआधी काच मात्र नीट धुऊन घ्या. आपली गाडी हापूसच्या झाडाखाली उभी असते असे आपण पत्रात लिहिले आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे जो चिकट द्रव सोडतात, त्याचा पातळ थर काचेवर बसतो व साध्या पाण्याने जात नाही. कोमट पाणी आणि साबणाने काच दोनदा धुऊन, रबराची कडही ओल्या फडक्याने पुसावी. जांभ्याची लाल धूळ असलेल्या कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवू नका. तिच्यातले कठीण कण रबरात रुतून बसतात आणि काचेवर कमानीसारखे कायमचे ओरखडे उठवतात.

प्रश्न : आमच्या जुन्या जीपला व्हॅक्यूमवर चालणारा वायपर आहे. आंबा घाट चढताना तो जवळजवळ थांबतो आणि उतरताना वेड्यासारखा पळतो. दांडा बदलून फरक पडेल का? की विजेची मोटर बसवावी?
— एक वाचक, साखरपा

उत्तर : थोडा पडेल, पण मूळ कारण दांड्यात नाही. हा वायपर इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतील, निर्वातावर चालतो. इंजिन निवांत फिरत असताना तो निर्वात पाऱ्याच्या सुमारे १७ ते २१ इंचांइतका असतो. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, उघडतो आणि निर्वात जवळपास नाहीसा होतो. उतारावर पाय काढला की उलट घडते. म्हणून चढावर अधूनमधून क्षणभर पाय उचलून काच पुसून घेण्याची जुन्या चालकांची सवय होती.

तरीही आपला वायपर जितका मंद झाला आहे तितका तो नवा असताना नसणार. मॅनिफोल्डपासून वायपरपर्यंतची रबरी नळी जुनी होऊन तडकते, आणि अगदी लहान चीरसुद्धा मिळणारा निर्वात खाऊन टाकते. ती पूर्ण लांबीची नवी घालावी. वायपरच्या पेटीतले पाते सुकले असेल तर पातळ तेलाचे काही थेंब आत जाऊ द्यावेत. नंतर दांड्याचा दाब पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे मोजावा. आजच्या गाडीचा कडक स्प्रिंगचा दांडा कोणी बसवला असेल तर या दुबळ्या यंत्रणेला तो पेलत नाही, आणि येथे मात्र हलक्या दाबाचा मूळ दांडा बसवल्याने फरक नक्की दिसतो. काही जीपांत इंधनाच्या पंपालाच जोडलेला, निर्वात वाढवणारा दुसरा कप्पा असतो. त्याचा पडदा फाटला तर वायपर मंदावतो आणि इंजिन तेल ओढून निळा धूर सोडू लागते. आपल्या जीपचा धूर निळसर असेल तर तपासाला तिथूनच सुरुवात करा.

पावसाळ्यात घाटाने नियमित ये-जा असेल, तर विजेची मोटर बसवणे मला योग्य वाटते. मूळ पेटी, दांडा आणि नळी तेल लावून जपून ठेवावीत आणि जीपच्या पत्र्याला नवे छिद्र न पाडता, जुन्याच छिद्रांत बसेल अशी मोटर निवडावी. जीपची बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची आणि तिचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे, हे खरेदीपूर्वी पाहणे आवश्यक आहे, कारण कायम चुंबकाची मोटर उलटी जोडली गेली तर उलटी फिरते आणि तिची आपोआप थांबण्याची व्यवस्था बिघडते. जुनी तार न वापरता स्वतंत्र फ्यूज घालून नवी तार ओढावी. मोटरची अर्थची, म्हणजे बॉडीला जोडायची, तार रंगावर न आवळता घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर आवळावी आणि त्या जागी वरून ग्रीस लावावे.